भावी सरपंचांचं फेशियल

लोक मला विचारतात, "सुनीता, तुला गावातलं सगळं कसं गं माहीत?" अहो, साधं आहे. भुवया करताना दोऱ्याचं एक टोक माझ्या दातात असतं, म्हणून मला बोलता येत नाही. खुर्चीतल्या बाईचे डोळे मिटलेले असतात, म्हणून तिला मी दिसत नाही. समोर एक मुकी बाई आहे आणि ती आपल्याला दिसतही नाही, अशा वेळी माणूस काय करेल? बोलेल! घरातलं, सासूचं, भावकीचं. आणि निवडणूक असली तर मग विचारूच नका. एकेका भुवईला एकेक किस्सा निघतो. संध्याकाळी मी केस झाडून टाकते, पण किस्से कुठे टाकणार? ते साठतच जातात.

आमचं गाव कुरुळीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे. गाव म्हणायचं ते सवयीनं. जुनी घरं मूठभर, बाकी सगळ्या भाड्याच्या खोल्या, आणि चारी बाजूंनी कंपन्या. आम्ही मूळचे लातूरकडचे. मिस्टर कंपनीत, मी पार्लरमध्ये. गाळा आप्पांचा. आप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, निम्म्या खोल्या त्यांच्याच. दुसरं प्रस्थ म्हणजे तात्या, आप्पांचे चुलतभाऊ. दोघांचं गेली कित्येक वर्षं पटत नाही, पण दोन्ही घरच्या बायका माझ्याचकडे येतात. त्यामुळे माझं धोरण ठरलेलं आहे: भुवया सगळ्यांच्या सारख्या!

*

गेल्या निवडणुकीचं सांगते. आमच्याकडे सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता, आणि आप्पांची तयारी तर फार आधीपासूनची. चौकात त्यांचा 'भावी सरपंच' असा फ्लेक्स इतकी वर्षं उभा होता, की त्यातला 'सरपंच' उन्हानं उडून गेला होता. नुसता 'भावी' उरला होता.

आरक्षणाची सोडत तालुक्याला निघाली. आप्पा नवे कोरे पांढरे कपडे घालून गेले. चिठ्ठी उघडली, महिला!

आप्पा हरणारे नव्हेत. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. त्यांची सून रूपाली, बी.कॉम. झालेली, माहेर शहरातलं, रहाटणीचं. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती.

"सूनबाई, उभी राहा!"

ती दचकून उठली. "राहिले, आप्पा."

"राहिलीस ना? मग झालं!" आणि आप्पांनी फोन कानाला असतानाच तिथल्या सगळ्यांना जाहीर केलं, "आमच्या सूनबाई उभ्या राहिल्या!"

रूपाली मला फेशियल करताना सांगत होती. "सुनीताताई, मला वाटलं सासऱ्यांशी फोनवरपण बसून बोलायचं नसतं, म्हणून रागावले असतील!"

तात्यांच्या घरी तर एवढाही खर्च झाला नाही. त्यांची बायको कमलकाकी, जुन्या गावातली साधी बाई, रात्रीची ताटं वाढत होती. तात्या जेवता जेवता म्हणाले, "उद्या तू अर्ज भरतीयस."

"कसला वो?"

"ते तुला काय करायचंय? भाजी वाढ."

*

मग सुरू झाले फोटो. आप्पांनी रूपालीला माझ्याकडे पाठवलं. निरोप असा, की मेकअप एक नंबर झाला पाहिजे, फ्लेक्ससाठी फोटो काढायचाय. मी अख्खी दुपार घालवली. पोरगी मुळात देखणी, त्यात जीव ओतला.

फ्लेक्स लागला. मधोमध आप्पा, काळा चष्मा, जोडलेले हात. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा, कानाला मोबाईल. वरच्या बाजूला ओळीनं पुढारी. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी रूपाली! आमच्या गल्लीतल्या वंदनाताई फ्लेक्ससमोर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "मॅडम, ती खाली कोण आहे? प्रिंटिंगवाल्याची बायको का?"

तिकडे तात्यांची वेगळीच पंचाईत. कमलकाकींचा एकटीचा फोटोच नव्हता. लग्नातला होता, पण त्यात त्या रडत होत्या. शेवटी हसतानाचा एक सापडला, आप्पांच्या घरच्या सत्यनारायणाच्या पूजेतला. तो कापून मोठा करून फ्लेक्सवर लावला. कापताना एक चूक झाली. काकींच्या खांद्यावर एक हात तसाच राहिला. हिरव्या बांगड्या, मेंदी, अंगठी, सगळं स्पष्ट!

आप्पा तरातरा चौकात आले. "हा हात कोणाचा?"

"आसंल कुनाचा तरी," तात्या म्हणाले.

"असंल कसा? ही अंगठी आम्ही केलीय! हा आमच्या उमेदवाराचा हात आहे. तुमच्या खांद्यावर आमचा हात म्हणजे आमचा तुम्हाला पाठिंबा, असा अर्थ निघतो!"

"खांदा आमच्या उमेदवाराचा हाय," तात्या म्हणाले. "हात तुमचा हाय. तुमीच काढा!"

दोन दिवस गावात दुसरा विषय नाही. शेवटी चार शहाण्यांनी मध्ये पडून तोडगा काढला. काकींना चिन्ह मिळालं होतं कपबशी. तिचं एक मोठं स्टिकर आणून नेमकं त्या हातावर चिकटवलं. आता काकींच्या खांद्यावर कपबशी! चौकातली पोरं म्हणायला लागली, "बघा, काकींनी निवडून यायच्या आधीच चहाची सोय केली!"

रूपालीला मात्र त्या हाताचं वाईट वाटलं. मला म्हणाली, "झाकायला नको होता हो, ताई. आमच्या फ्लेक्सवरच्या माझ्या फोटोपेक्षा तिकडचा माझा हात मोठा होता!"

*

एक छोटा किस्सा सांगते. रूपालीनं एकदा सासऱ्यांना विचारलं, "आप्पा, निवडून आले तर मला काम काय असेल?"

"सही."

"आणि?"

"दुसरी सही."

"आणि कंपन्यांच्या भंगाराचं जे काय असतं, ते?"

आता हे भंगार म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. कंपनीतून रोज लोखंडाचा कीस, पत्र्याचे तुकडे, खोकी, लाकडी पेट्या असं काय काय निघतं. ते उचलायचं काम ज्याला मिळालं, त्याच्या दारात दुसऱ्या वर्षी काळी गाडी उभी राहते. रस्ता, पाणी, गटार हे भाषणापुरतं. आमच्याकडची निवडणूक ही भंगारासाठीच असते.

आप्पा सुनेला प्रेमानं म्हणाले, "बाळा, भंगार घाण असतं. त्यात बायकांनी हात घालू नये."

*

आता खोल्यांकडे येते. आप्पांच्या खोल्यांमध्ये परभणी, बीड, बुलढाणा, जळगाव, सगळा महाराष्ट्र राहतो. त्यात एक उषा, परभणीची. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, कंत्राटावर. उषा बिचारी कधीपासून आप्पांकडे भाडेकराराचा कागद मागत होती. गॅस नावावर करायला पाहिजे, मुलीला चांगल्या शाळेत घालायचं तर पत्त्याचा पुरावा पाहिजे. आप्पांचं एकच उत्तर: "कागद कशाला? माणसाचा शब्द आहे ना! उद्या तुम्ही खोलीच नावावर करून घ्याल."

निवडणूक लागायच्या आधी आप्पांच्या ध्यानात आलं, की एवढ्या खोल्या, एवढी माणसं, पण मतं सगळ्यांची आपापल्या गावाला. मत इकडे आणायचं तर इथला पुरावा पाहिजे. मग काय, आप्पा स्वतः दारोदार! हातात करारांचा गठ्ठा, मागे वकील, पुढे फोटोवाला. "घ्या, घ्या, लाजू नका. हे घर तुमचंच समजा!"

उषानं करार घेतला. दुसऱ्या दिवशी आप्पा विचारायला आले, "काय उषाताई, झालं का काम?"

"झालं की! गॅस झाला नावावर."

आठवड्यानं परत. "झालं का?"

"झालं की! पोरीचा नंबर लागला शाळेत."

नंतर मतदार यादी आली. आप्पांनी चष्मा लावून वरून खाली बघितली, खालून वर बघितली. उषा नाही. तडक तिच्या दारात. "अगं, मताचं काय केलंस?"

"ते नाही हो आणता येत, आप्पा," उषा गरिबासारखी म्हणाली. "तिकडं गावाकडं माझा दीर उभा राहायलाय."

*

तात्यांचा प्रचार म्हणजे वेगळाच प्रकार. कमलकाकींना नवी साडी नेसवून, गळ्यात उपरणं घालून ते पुढे चालवत आणायचे आणि दारात पोचलं की स्वतः पुढे व्हायचे.

आमच्या गल्लीत आले. आमच्या गल्लीचं दुखणं एकच, पाणी. जुन्या गावात नळाला येतं, आमच्याकडे पाईप आलाय, पाणी यायचंय. सगळ्या बायका जमल्या. एकीनं विचारलं, "काकी, पाण्याचं काय करणार?"

तात्या म्हणाले, "पाण्याचं असं हाय..." आणि धरणापासून सुरू झाले.

दुसरीनं विचारलं, "काकी, गटाराचं?"

तात्या म्हणाले, "गटाराचा विषय तसा जुना हाय..."

तिसरीनं तर विचारलं, "काकी, साडी कुठून घेतली?"

तात्या म्हणाले, "चाकणवरनं!"

शेवटी वंदनाताईंना राहवेना. "तात्या, जरा थांबा. काकी, तुम्हाला बोलता येतं ना?"

कमलकाकींनी पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "येतं की. पर ह्यांचं संपू द्या आधी. लगीन झाल्यापास्नं मी त्येचीच वाट बघतीय."

बायका एवढ्या हसल्या, की समोरच्या बिल्डिंगमधली नाइट शिफ्ट करून झोपलेली माणसं उठून बाल्कनीत आली.

*

हा कुकरचा किस्सा तुम्ही कुठंतरी ऐकला असेल, पण तो घडला आमच्याकडे, माझ्या डोळ्यांसमोर.

आचारसंहिता लागलेली. मतदारांना काही वाटप करायचं नाही, कॅमेरेवाले फिरतात. म्हणून आप्पांच्या घरी अचानक वाढदिवस सुरू झाले. नातवाचा झाला, पुतण्याचा झाला, एका दुपारी तर गोठ्यातल्या बैलाचा झाला. प्रत्येक वाढदिवसाला बायकांना बोलावणं आणि येताना हातात कुकर.

घरी येऊन बघतो तर कुकरला शिट्टी नाही!

सगळ्यांना वाटलं, आपल्याच खोक्यातून पडली असेल. शेजारणीकडे चौकशी केली, तर तिलाही नाही. कोणालाच नाही. मग आप्पांचा माणूस गल्लीत फिरून हळूच सांगून गेला: "शिट्टी निकालानंतर! आधी आमची शिट्टी वाजू द्या, मग तुमची."

आप्पा त्या दिवशी फारच खुशीत होते. अशी युक्ती पंचक्रोशीत कोणाला सुचली नव्हती. मत दिलं नाही, तर नुसत्या कुकरचं करणार काय? त्यात कणीक मळणार?

आता आप्पांना निवडणूक कळते, स्वयंपाक कळत नाही. कुकरची शिट्टी ही भांड्यांच्या कुठल्याही दुकानात सुटी मिळते. चाकणच्या आठवडे बाजारात ढिगानं पडलेली असते. पुढच्या बाजारी आमच्या गल्लीनं सगळा ढीग उचलला. दुकानदार विचारत होता, "ताई, तुमच्याकडं सगळ्यांच्या एकदम बिघडल्या का?"

तर दोन दिवसांनी संध्याकाळी आप्पांची सभा, आमच्याच खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. वेळ कोणती धरली? पहिली शिफ्ट सुटून माणसं घरी आलेली, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची. रूपाली स्टेजवर मधल्या खुर्चीत, आप्पा माईकवर.

"बंधू-भगिनींनो! या गावातल्या माता-भगिनी अडाणी नाहीत! कोण आपला, कोण परका, हे त्या बरोबर ओळखतात! आणि मला खात्री आहे, की निकालाच्या दिवशी..."

एका खोलीतून शिट्टी झाली.

आप्पा थांबले. परत सुरू झाले. "निकालाच्या दिवशी..."

दुसऱ्या खोलीतून. मग तिसऱ्या. मग काय राव, खालची ओळ, वरची ओळ, डावीकडून, उजवीकडून, सगळ्या गल्लीचा वरणभात एकदम शिजायला लागला! आप्पा माईक धरून तसेच उभे. कोणाकडे बघावं ते त्यांना कळेना.

स्टेजवर रूपालीनं पदर तोंडाला लावला होता. लांबून लोकांना वाटलं, उमेदवार भावनाविवश झाल्या.

*

तात्यांचा विश्वास कुकरवर नाही, शपथेवर. त्यांची पोरं भंडाऱ्याची वाटी घेऊन घरोघर फिरायची. वाटीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मत कपबशीलाच. लोकही मुकाट्यानं हात ठेवायचे. कोण वाद घालणार?

पोरं वंदनाताईंच्या दारात आली. वंदनाताई बुलढाण्याच्या, बौद्ध. नवरा भोसरीला वर्कशॉपमध्ये, दोघांची मतं कधीच इथली झालेली. त्यांनी वाटीकडे बघितलं. "आम्ही यावर हात ठेवत नाही, भाऊ."

पोरं चाचरली. त्यातला पुढारी, बबलू, जरा समजूतदार. "मग ताई, तुमी कशावर ठेवता? आमाला चालतंय कायपण. शपथ झाल्याशी मतलब."

"संविधानावर."

बबलू म्हणाला, "घरात हाय का?"

"उद्देशिका आहे. फ्रेम केलेली."

"चालंल, चालंल! आणा."

वंदनाताईंनी भिंतीवरची फ्रेम काढून आणली आणि म्हणाल्या, "शपथ घ्यायची तर आधी वाचावी लागते." आणि दारात उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. ही सगळी पोरं आमच्या गावच्या शाळेतली. शाळेत रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी हेच म्हणून मोठी झालेली. पहिली ओळ कानावर पडली मात्र, बबलूचे पाय आपोआप जुळले. दुसऱ्यानं भंडाऱ्याची वाटी शेजारच्या कठड्यावर ठेवली आणि हात पुढे केला. तिसऱ्या ओळीपासून सगळी पोरं एका सुरात! न्याय झाला, स्वातंत्र्य झालं, समता झाली, कोणी कुठे अडखळलं नाही. शेवटची ओळ संपली आणि सवयीनं सगळी एका रांगेत वळली आणि निघून गेली.

गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर बबलूच्या लक्षात आलं. "आयला, शपथ राहिली!"

मागे जायची मात्र एकाचीही हिंमत झाली नाही. भंडाऱ्याची वाटी वंदनाताईंनी दुसऱ्या दिवशी माझ्या हाती तात्यांकडे पाठवून दिली.

*

मतदानाचा दिवस. सकाळपासून शाळेपुढे रांग. आणि दहाच्या सुमाराला गावात एकामागून एक एसी बस यायला लागल्या.

या बसमध्ये कोण? तर गावचेच लोक! जमिनी कंपन्यांना गेल्या, हातात पैसा आला, आणि निम्मं जुनं गाव रहाटणीला, पिंपळे सौदागरला फ्लॅट घेऊन राहायला गेलं. लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली. मत मात्र गावातलं सोडलेलं नाही. सोडतील कसे? भावकीचा प्रश्न!

त्यातली एक बस रस्ता चुकली. गावात इतके नवे रस्ते, इतकी गोदामं, ड्रायव्हरला शाळाच सापडेना. बसमधल्या मंडळींनाही सांगता येईना. एक म्हणतोय वडाच्या झाडापासून डावीकडे, पण वड कुठाय? एक पांढऱ्या टोपीवाले काका तर एका कंपनीच्या गेटपुढे उतरले आणि सिक्युरिटीवाल्याला सांगायला लागले, "इथं आमचा गोठा होता." तो बिचारा बिहारचा. म्हणाला, "गेटपास दिखाइए."

शेवटी रस्त्यानं उषा चालली होती, पोरीला क्लासला सोडायला. तिला विचारलं, "बाई, शाळा कुठं आली?"

उषा म्हणाली, "चला, दाखविते." बसच्या पुढच्या दारात उभी राहून तिनं सगळ्या गल्ल्यांतून बस काढली. गोदामाच्या मागून, खोल्यांच्या मधून, बरोबर शाळेपुढे आणून उभी केली.

टोपीवाले काका उतरता उतरता म्हणाले, "चला, तुमीपन येताय ना मतदानाला?"

"नाही. माझं मत परभणीला."

"आन् राहायला?"

"इथंच की. खोलीवर."

काका बोटं मोजायला लागले. "म्हंजी ऱ्हाता हितं, मत तिथं. आमी ऱ्हातो तिथं, मत हितं." बराच वेळ हिशोब लावला. "मंग तुमच्या गावचं कोन ठरवतं?"

उषा म्हणाली, "तिकडं? मुंबईवाले येतात की बसनं!"

*

आणि आता निकालाचा दिवस.

मतमोजणी तालुक्याला. पहाटेच दोन्हीकडच्या गाड्या भरून गेल्या. आप्पा गेले, आप्पांचा मुलगा गेला, तात्या गेले, बबलू आणि त्याची पोरं गेली. फक्त उमेदवार तेवढ्या मागे राहिल्या. "मोजणीला बायकांचं काय काम?" यावर मात्र आप्पांचं आणि तात्यांचं एकमत होतं. दोघांनीही घरी एकच सांगितलं: निकाल लागला की मिरवणूक आहे, फोटो निघणार, पार्लरमध्ये जाऊन तयार होऊन बस.

माझ्याकडे खुर्च्या दोनच. आधी कमलकाकी आल्या, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मागून रूपाली आली. मला वाटलं, आता काय होतंय! पण रूपाली म्हणाली, "काकी, सरका जरा, पर्स ठेवते," आणि शेजारच्या खुर्चीत बसली. निवडणुकीचं अवाक्षर नाही. काकींनी विचारलं, "पोराची सर्दी गेली का गं?" ती म्हणाली, "गेली. तुमचा गुडघा?" एवढंच.

मी दोघींना माझे मरून गाऊन घातले, केसांना पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, तोंडाला मुलतानी मातीचा जाड पॅक लावला आणि डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. "वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही. सुरकुत्या पडतात," असं बजावलं. दोघी शेजारी शेजारी मान मागे टाकून पडल्या. गाव कसं चिडीचूप होतं.

तेवढ्यात लांबून डीजे ऐकू आला. पण कोणाचा? डीजेवाला दोघांनी एकच ठरवलेला. जो निवडून येईल त्याच्यापुढे वाजवायचा, असा त्याचा व्यवहार. त्यामुळे आवाजावरून काही कळेना. मी दारातून बघते तर गुलालाचा नुसता धुरळा, माणूस ओळखू येत नाही. आवाज जवळ जवळ येत गेला. पार्लरची काच थरथरायला लागली. मी वळून बघितलं. दोघींपैकी एकीनंही डोळ्यावरची काकडी काढली नाही.

आणि दार ढकलून आप्पा आत आले! नखशिखान्त गुलाल, डोळे लालभडक, चष्मा कुठेतरी पडलेला, हातात हा एवढा मोठा झेंडूचा हार.

"सूनबाई! झालो! सरपंच झालो आपण!"

मी ओरडले, "आप्पा, थांबा, ती नव्हे..." पण बाहेर डीजेचा एवढा दणका, की माझं मलाच ऐकू येईना. आणि आप्पांना तरी काय दिसणार? पॅकखालचे दोन मातकट चेहरे, दोन मरून गाऊन. सुनेचा चेहरा पदराशिवाय त्यांनी एरवीही कधी नीट बघितलेला नाही. ते दाराजवळच्या खुर्चीपाशी गेले आणि तो भला मोठा हार त्यांनी कमलकाकींच्या गळ्यात घातला. मागे त्यांचा मुलगा मोबाईलवर फोटो काढतोय, माणसं दारातून टाळ्या वाजवतायत, बाहेर फटाक्यांची माळ लागली.

तेवढ्यात माळ संपली, गाणंही संपलं.

काकींनी डोळ्यांवरच्या चकत्या काढल्या. "आप्पा, मी कमल."

आप्पांचे हात हवेत तसेच राहिले. दारातल्या टाळ्या थांबल्या. मुलानं मोबाईल हळूच खाली घेतला.

मग शेजारच्या खुर्चीतून रूपालीचा आवाज आला. हसून तिच्या दोन्ही गालांवर पॅकला तडे गेले होते. "असू दे, आप्पा. हार बरोबर पडलाय. मी मत काकींनाच दिलंय."

कमलकाकींनी हार गळ्यात नीट सारखा केला, मान परत मागे टाकली आणि म्हणाल्या, "आन् मी हिला."